काउंटच्या हातातलं मूल

मुलाचा बाप्तिस्मा चालू असताना आईनं चर्चमध्ये जायचं नसतं. तिनं घरी चुलीपाशी बसायचं. तिकडे कुंबारोसनं, म्हणजे मुलाला कुंडातल्या पाण्यातून वर उचलणाऱ्या धर्मबापानं, नाव उच्चारलं की गावातली पोरं धावत सुटणार, आणि जे पहिलं पोहोचेल त्याच्या हातावर आईनं काहीतरी ठेवायचं. तोवर तिला आपल्या मुलाचं नाव ठाऊक नसतं. म्हणजे असतं. पहिल्या मुलाला आजोबाचं नाव पडतं हे पेत्रोव्रिसी गावातल्या शेळ्यांनाही ठाऊक आहे. पण ठाऊक नसल्यासारखं बसायचं असतं.

हाइदो तशी बसली होती. शेजारी सासू बसली होती, द्रोसेना. द्रोसोसची बायको म्हणून द्रोसेना. तिचं स्वतःचं नाव काय हे विचारायला या डोंगरात कोणाला सवड झाली नव्हती. द्रोसोसला तुर्कांनी पुलाच्या कमानीला लटकवलं, त्यानंतर म्हातारी त्याच्या नावाचा नातू बघण्यापुरतीच जगत होती, आणि हे ती सुनेला उठता-बसता ऐकवत होती.

पोरं आली. धापा टाकत दारात एकमेकांवर आदळली.

"आदा... आदालबे..."

"आल्बेर्दो!"

"गप रे! आदालबेर्तोस! पाद्रीबाबांना तीनदा विचारावं लागलं!"

चुलीवरचं पाणी उकळत राहिलं. द्रोसेनानं पोरांकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"हे नाव आहे," ती म्हणाली, "की खोकला?"

हाइदोनं पोरांच्या हातावर अक्रोड ठेवले. आपटले म्हटलं तरी चालेल.

नाव काउंटचं होतं. तुर्कांविरुद्ध ग्रीकांचं बंड सुरू होऊन दुसरा उन्हाळा लागला होता, आणि युरोपातून माणसं यायला लागली होती. पेत्रोव्रिसीच्या वाट्याला काउंट आदालबेर्त फॉन ट्राउटेनबेर्ग आला होता. जर्मन मुलखात त्याचा किल्ला होता, जंगल होतं, आणि हे सगळं ज्याच्या नावावर होतं तो थोरला भाऊ होता. धाकट्यानं लहानपणी प्राचीन ग्रीकांविषयी बरंच वाचलं होतं. त्यामुळे तो गावातल्या माणसांकडे असा बघायचा, जणू ती कोणाच्या तरी वाटेत उभी आहेत. त्याच्यासोबत सहा पेट्या, आजोबांची तलवार, घडीचा टब आणि गेरासिमोस नावाचा केफालोनिया बेटावरचा दुभाषा होता. दोन तोफाही होत्या. त्या इटलीत, लिव्होर्नोच्या बंदरात होत्या.

त्या तोफांसाठीच कप्तान लिआकोसनं, हाइदोच्या नवऱ्यानं, त्याला कुंबारोस केलं होतं. लिआकोस डोंगरातला मोठा बंडखोर सरदार, चार खोऱ्यांत त्याचं नाव घेऊन बायका पोरांना झोपवायच्या. त्याचा हिशोब सरळ होता. कुंबारोस म्हणजे रक्तापेक्षा जवळचा. तो मागेल त्याला नाही म्हणता येत नाही. उद्या आपण तोफा मागू, तो नाही म्हणू शकणार नाही. हीच रीत उलट्या बाजूनंही चालते, एवढी बारीकशी गोष्ट कप्तानाच्या नजरेतून निसटली. ज्या माणसाला दरीपलीकडच्या झुडपातली बंदुकीची नळी दिसते, त्याच्या नजरेतून.

संध्याकाळी काउंट मुलाला घेऊन दारात आला. मागे गाव, मेणबत्त्या, सनई. कुंबारोसच्या हातातलं मूल आईच्याच हातात जायला हवं; मधे कोणाला दिलं किंवा खाली टेकवलं, तर ते मूल वर्ष काढत नाही, असं मानतात. गेरासिमोसनं हे त्याला समजावून ठेवलं होतं. काउंटनं पाठ केलेले शब्द म्हटले, "तेल लावलेलं, नाव ठेवलेलं लेकरू तुझ्या हाती देतो. आगीपासून जप, पाण्यापासून जप," आणि हात पुढे केले.

हाइदो उभी राहिली, आणि उभीच राहिली. तिनं ओढणी नीट केली. चुलीतलं लाकूड मागे सारलं. म्हाताऱ्या सासूला पाणी हवंय का विचारलं. म्हातारीला अचानक तहान लागली. बाळ रडत होतं, काउंटचे हात भरून आले होते, पण तो हलला नाही. तो शब्दाचा पक्का माणूस होता. हे हाइदोनं तेव्हाच लक्षात ठेवलं. मग तिनं मूल घेतलं आणि रीतीप्रमाणे त्याच्या हाताचं चुंबन घेतलं. चावली नाही, एवढंच.

जेवणावळीत काउंट पेला घेऊन उभा राहिला. कुंबारोस या नात्यानं तो आज पहिलीच मागणी करत होता, असं गेरासिमोस म्हणाला, आणि म्हणताना त्यानं कप्तानाकडे पाहायचं टाळलं. तीस जवान हवेत. त्यांची शिस्तीची, गणवेशाची, युरोपला शोभेल अशी पलटण उभी करायची आहे.

कप्तानाच्या तोंडात कोकराचा घास होता. त्यानं तो बराच वेळ चावला. सगळं गाव त्याच्या जबड्याकडे बघत होतं.

"दिले," तो म्हणाला.

त्या तिसांत हाइदोचा धाकटा भाऊ झिसिस होता. आधीची तीन भावंडं पाळण्यात गेली, म्हणून 'जगू दे' या अर्थाचं नाव ठेवलेला. आई वारल्यावर हाइदोनं त्याला वाढवलं होतं, म्हणजे पाठीला बांधून लाकडं तोडली होती.

*

मळणीचं खळं हीच गावातली एकमेव सपाट जागा, त्यामुळे पलटणीला खळं मिळालं. गव्हाच्या पेंढ्या कडेला रचून ठेवल्या. बैल रिकामे उभे राहून पोरांकडे बघायचे. पोरं ढोलाच्या ठेक्यावर डावा पाय, उजवा पाय करायची. या पोरांना शेळीच्या वाटेनं अंधारात उतरता येत होतं, पण डावा पाय कोणता हे त्यांना आजवर कोणी विचारलं नव्हतं.

काउंटचे नियम तीन. काउंट जिकडे जाईल तिकडे पलटण ओळ न मोडता जाईल. हुकमाशिवाय बंदूक उडणार नाही. आणि शत्रूसमोर कोणी वाकणार नाही, बसणार नाही, आडोसा घेणार नाही.

या डोंगरातली माणसं आजवर दगडामागे पालथी पडूनच लढली होती. प्रत्येकानं आपल्यापुरते दगड रचायचे, त्यात नळीपुरती फट ठेवायची. त्याला काउंट 'मेंढपाळांची सवय' म्हणायचा. कप्तानाला हे कळत होतं. पाद्रीबाबांना कळत होतं. बैलांनाही बहुतेक कळत असावं. पण सगळे मान डोलवत होते, कारण लिव्होर्नोत दोन तोफा होत्या.

झिसिसला निळा कोट मिळाला, पितळी बटणांचा. तो बहिणीच्या घरी जेवायला यायचा तेव्हा बाकावर ताठ बसायचा.

"पाठ दुखतेय का रे?" द्रोसेनानं विचारलं.

"आजी, सैनिक वाकत नाही."

"मग चमचा तोंडापर्यंत कसा जाणार? की तोंड चमच्यापर्यंत आणायला माणूस ठेवलाय?"

"ताई, हिला सांग ना."

"मी काय सांगू? मला पण तेच विचारायचंय."

"तुम्हाला नाही कळायचं," झिसिस म्हणाला. "आपण आजवर चोरांसारखे लढलो. काउंट म्हणतात, जग बघतंय आपल्याकडे."

"जग कुठं उभं राहून बघतंय?" हाइदोनं विचारलं. "दगडामागेच ना?"

तो ताटावरून उठून गेला. ताठच.

*

गव्हाची मळणी व्हायच्या आतच खबर आली. तुर्की पाशाचे घोडेस्वार खिंडीकडून निघाले होते. दुपारपर्यंत खाली सेंट परास्केवीच्या देवळापाशी, कुरणात उतरणार होते. काउंटनं ठरवलं, पलटण कुरणाच्या मधोमध उभी राहील. कप्तानाची जुनी माणसं दोन्ही उतारांवर दगड रचायला निघून गेली.

हाइदोनं बाळ कडेवर घेतलं आणि काउंटच्या तंबूकडे गेली. अक्रोडाच्या झाडाला आरसा टांगून तो दाढी करत होता. बाईमाणूस आलेलं पाहून तो अर्ध्या गालाला साबण असताना ताठ उभा राहिला. सुरुवातीला तो असा उभा राहायचा तेव्हा हाइदोला वाटायचं, हा निघाला वाटतं. पण तो कधी निघायचा नाही.

"त्याला सांग," ती गेरासिमोसला म्हणाली, "मुलाच्या अंगाला लावलेल्या तेलाची शपथ घालून मागतेय. माझा झिसिस मला दे. कुंबारोस नाही म्हणू शकत नाही, हे त्याला आम्ही शिकवायची गरज नाही. त्यानंच आम्हाला शिकवलंय."

गेरासिमोसनं सांगितलं. काउंटचे डोळे पाणावले. तो बराच वेळ बोलला, हात छातीवर ठेवून.

"काय म्हणतो?"

"कप्तानीणबाई, तो म्हणतो, तुमच्यात त्याला जुन्या काळच्या वीरमाता दिसतात."

"आणि झिसिस?"

"त्या माता मुलांना स्वतःच्या हातानं ढाल देऊन लढायला पाठवायच्या, म्हणतो."

"ढाल तरी द्यायच्या. हा दगडसुद्धा घेऊ देत नाही. झिसिसचं काय?"

गेरासिमोसनं घसा साफ केला. "एकाला सोडलं तर बाकीच्यांचा अपमान होईल. सन्मानाचा प्रश्न आहे. तो स्वतः सगळ्यांच्या पुढे उभा राहणार आहे."

"राहू दे की! अडवलंय कोणी? एकट्यानं उभा राहा म्हणावं, कुरण मोठं आहे!"

गेरासिमोसनं हे भाषांतर केलं की नाही कोण जाणे. काउंटनं वाकून नमस्कार केला. दुपारी हा माणूस खरोखर सगळ्यांच्या पुढे उभा राहणार होता आणि खरोखर मरायला तयार होता. भित्रा असता तर हाइदोला त्याच्यावर थुंकून मोकळं होता आलं असतं. शूर माणसाचं काय करायचं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

ती तशीच उतारावर गेली. कप्तान लिआकोस दगडांच्या आडोशामागे तंबाखू भरत बसला होता.

"अहो, नातं तुटलं," ती म्हणाली. "मुलाच्या नावानं मागितलं, तो नाही म्हणाला. गेरासिमोस साक्षीला आहे. आता तुम्हीही त्याला नाही म्हणू शकता. पोरांना वर बोलवा."

कप्तानानं चिलीम पेटवली. ती एकदा पेटली होती, तरी पुन्हा पेटवली.

"परका माणूस आहे," तो म्हणाला. "त्याला काय कळतंय रीत? असं लगेच तुटत नसतं."

"मागताना कळत होती. तीस पोरं मागताना शब्द न शब्द कळत होता."

"तोफा येऊ देत, मग बघू."

"तोफा येईपर्यंत त्या ओढायला कोण उरणार?"

"हाइदो," कप्तान हलक्या आवाजात म्हणाला, समजूतदार माणसाच्या आवाजात, "घोडेस्वार आपण होऊन उताराखाली, आमच्या टप्प्यात येत नाहीत. कुरणात कोणीतरी उभं दिसलं, तर येतील. आले की वरून आम्ही आहोतच. काउंटलाच उभं राहायचंय, आपण कशाला नाही म्हणायचं?"

हाइदोला आधी वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. मग कळलं की नीटच ऐकू आलंय, इतके दिवस ऐकू येत नव्हतं. नातं, रीत, तोंडातला तो घास. याला नाही म्हणता येत नव्हतं असं नव्हतंच. याला हो म्हणायचं होतं.

"म्हणजे लांडग्यासाठी शेळी बांधतात तशी पोरं बांधलीस," ती म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदा ती नवऱ्याला एकेरीत बोलली, आणि आजूबाजूच्या माणसांनी आपापल्या बंदुकांचे चाप फार काळजीपूर्वक तपासायला घेतले. "आणि तू दगडामागे बसून लांडग्याची वाट बघणार. काउंट निदान उभा तरी राहतोय रे!"

"घरी जा."

"जाते," हाइदो म्हणाली. पण ती घरी गेली नाही.

उताराच्या पायथ्याशी द्रोसेना पाण्याचे बुधले घेऊन बसली होती. हाइदोनं तिला दोन वाक्यांत सांगितलं, काय करणार ते. म्हातारीनं नातवाच्या दुपट्याची गाठ सोडून पुन्हा घट्ट बांधली.

"पडलं हातातून तर?"

"तो पाडणार नाही. त्या दिवशी बघितलंत ना?"

"बघितलं," म्हातारी म्हणाली. "जा. नाहीतरी हे नाव मला हाक मारायला जमत नव्हतंच."

*

कुरणात तीस निळे कोट एका ओळीत उभे होते. समोर काउंट, उपसलेली तलवार घेऊन. खिंडीच्या तोंडाशी धूळ दिसायला लागली होती. झिसिस ओळीत तिसरा होता. बहिणीला येताना पाहून तो लाल झाला आणि आणखी ताठ झाला.

हाइदो त्याच्याकडे गेलीच नाही. ती सरळ काउंटसमोर जाऊन उभी राहिली. बाईमाणूस आल्यामुळे काउंटनं तलवार म्यान केली. सवय. आणि हात मोकळे होताच तिनं मूल त्याच्या हातात ठेवलं.

"घे," ती म्हणाली. "तुझं नाव, तुझा मुलगा."

आणि वळून उतारावर चालायला लागली.

काउंटनं काहीतरी ओरडून विचारलं. गेरासिमोस मागून धावत आला. "कप्तानीणबाई! तो विचारतोय, मुलाचं काय करायचं?"

"रीत त्याला माहीत आहे," ती न वळता म्हणाली. "खाली ठेवायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं नाही. आईच्या हातात आणून द्यायचं. आई वर दगडामागे बसलेली असेल."

गेरासिमोस क्षणभर जागेवर थांबला. केफालोनियाचा माणूस, हसू त्याला फार वेळ कोंडता येत नाही. पण त्या दिवशी त्यानं कोंडलं, आणि परत जाऊन शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलं. तो इथं आल्यापासूनचं बहुतेक ते पहिलंच चोख भाषांतर असावं.

कुरणात काउंट उभा होता. हातात रडणारं मूल, समोर धूळ, मागे तीस पोरं त्याच्या पाठीकडे बघतायत. मूल खाली ठेवलं तर ते मरतं, असं या लोकांचं म्हणणं. त्याचा विश्वास असायचं कारण नव्हतं. पण ज्या रीतीच्या जोरावर त्यानं ही तीस पोरं मिळवली होती, तीच ही रीत होती, आणि ती पोरं त्याच रीतीत वाढलेली होती. ओळीतल्या कोणीतरी छातीवर क्रूसाची खूण केली. मूल आणखी जोरात रडलं.

काउंटनं मान ताठ केली, मुलाला छातीशी धरलं, आणि उताराकडे चालायला लागला. डावा पाय, उजवा पाय.

काउंट जिकडे जाईल तिकडे पलटण जाईल. ढोलवाल्यानं एक क्षण विचार केला आणि ढोल वाजवायला सुरुवात केली. तीस निळे कोट ओळ न मोडता त्याच्या मागून वळले. त्यांनी शेळ्यांच्या वाटेनंसुद्धा ओळ मोडली नाही. पेत्रोव्रिसीत त्यापूर्वी आणि त्यानंतर इतकी सुंदर कवायत कोणी पाहिली नाही.

वर कप्तान लिआकोस उभा राहिला होता. दगडामागून, चक्क उभा. "कुठं चाललात?" तो ओरडत होता. "खाली जा! खाली जा, गाढवांनो!" पण पलटण त्याचे हुकूम मानत नव्हती. तो हक्क त्यानंच तर देऊन टाकला होता.

हाइदो दगडाला पाठ लावून बसली होती, हात काखेत घालून. काउंट घामाघूम होऊन समोर आला. त्यानं हात पुढे केले.

"आधी पोरांना बसव," ती म्हणाली.

गेरासिमोसनं सांगितलं. काउंटचे ओठ पांढरे झाले. बसण्याचा हुकूमच त्याच्या कवायतीत नव्हता. तो काही बोलणार, तेवढ्यात खालून पहिली गोळी आली आणि दगडाचा टवका उडाला, बाळाच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर. काउंट स्वतः एकटा असता तर तसूभर हलला नसता. पण तो मुलाला पोटाशी घेऊन मटकन खाली बसला, आणि काउंट करेल ते पलटण करेल, म्हणून तीस पोरंही बसली. एक सोडून. झिसिस उभा होता. हाइदोनं त्याचा कोट धरून खाली ओढला. दोन बटणं तुटली.

मग काउंटनं तिच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, या खेपेला शब्द अगदी नीट उच्चारून, "तेल लावलेलं, नाव ठेवलेलं लेकरू तुझ्या हाती देतो. आगीपासून जप, पाण्यापासून जप."

"आणि माणसांपासून?" हाइदो म्हणाली. "ते राहिलं या मंत्रात."

तिनं मूल घेतलं. हाताचं चुंबन मात्र घेतलं नाही.

*

घोडेस्वार उताराखाली आले नाहीत. कुरण रिकामं पाहून ते लांबूनच दोन फैरी झाडून थांबले. देवळाचं दार त्यांनी फोडलं, आणि जाता जाता, उतारावरच्या बंदुकांच्या टप्प्याबाहेर, गावाच्या खालच्या टोकाच्या खळ्याशी रचलेल्या पेंढ्यांना आग लावली. कवायतीसाठी न मळलेल्या गव्हाला. मळला असता, तर तो एव्हाना वरच्या गुहेत लपवून झाला असता.

कप्तान धुराकडे बोट दाखवत बायकोसमोर आला. "बघ! गावाचा हिवाळा जळतोय. तीस पोरांपायी!"

"बघतेय," हाइदो म्हणाली. "पोरं जळत असती तर तेही बघितलं असतं. पोरं नाहीत जळत. एवढं तूही बघ."

कप्तान चिलीम झाडायला वळला. लिव्होर्नोच्या तोफांबद्दल त्यानंतर तिच्यासमोर तो कधीच बोलला नाही. काउंट एका दगडावर बसून आपल्या रिकाम्या हातांकडे बघत होता. कोणीतरी त्याला पाणी दिलं. ते बुधले घेऊन वर आलेल्या द्रोसेनानं दिलं. "पी," ती म्हणाली. "धरायला जमतंय तुला."

झिसिस मात्र बहिणीसमोर येऊन उभा राहिला. "सगळ्यांसमोर लाज काढलीस माझी," तो बहिणीला म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते त्यानं पुसलं नाही, सैनिक पुसत नाही म्हणून असेल. "आयुष्यभर लोक म्हणतील, बहिणीनं पोर आडवं घालून वाचवला. मेलो असतो तर बरं झालं असतं."

"मेल्यावर लाज वाटत नाही," हाइदो म्हणाली. "तुला वाटतेय ना? वाटू दे. कोट काढ."

"काय?"

"कोट काढ म्हणतेय! खाली अजून निम्म्या पेंढ्या शाबूत आहेत. आग झोडपायला काहीतरी लागेल. तुम्हीही काढा रे! ऐकू येत नाही? की त्यालाही जर्मन हुकूम लागतो?"

बाळाला तिनं म्हातारीच्या मांडीवर टाकलं आणि झिसिसच्या अंगातून निळा कोट ओरबाडून घेतला. मग ती उतार उतरायला लागली, भरभर, कुठल्याही पायाचा हिशोब न ठेवता. मागून एकेक करत पोरं धावत सुटली. ओळ पार मोडली होती. खळ्याशी पोहोचताच तिनं कोट दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला आणि आगीवर घातला, पुन्हा घातला, पितळी बटणं दगडावर खणखणत राहिली, आणि प्रत्येक तडाख्याबरोबर ती एकेकाचं नाव घेत होती. लिआकोस. आदालबेर्त. लिआकोस. आदालबेर्त. त्यातलं एक नाव तिच्या मुलाचंही होतं, हे मधेच तिच्या लक्षात आलं. त्यासरशी तिनं कोट आणखी जोरात आपटला.